चष्म्याच्या डबीतली पट्टी

रविवारी सकाळी चहा झाला की मी सुशीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, पुरवणी वाचून दाखवतो. काचबिंदूने तिची नजर अधू केली त्याला सहा वर्षं झाली. माणसांच्या सावल्या दिसतात, अक्षर दिसत नाही. तेव्हापासूनचा हा नेम. माझा आवाज मुळातच चढा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या धडधडाटात तीस वर्षं ओरडून बोललो, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. "हळू वाचा हो, शेजारच्या बिल्डिंगला फुकटात पुरवणी मिळतेय," असं ती दर रविवारी म्हणते आणि मी दर रविवारी चिडतो. त्या रविवारीही असंच चाललं होतं आणि फोन वाजला. सटाण्याहून रंजनाचा, माझ्या मेव्हण्याच्या, नामाच्या, बायकोचा. अडीच वर्षांत तिचा फोन आला नव्हता. "दाजी..." एवढंच म्हणाली आणि पुढे नुसता हुंदका. मग दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला आणि सांगितलं, नामा गेला. कांद्याच्या डोंगळ्यांना फुलं आली होती, त्या शेतात ठेवलेल्या मधमाशांच्या पेट्या बघायला सकाळी गेला होता. झाकण उघडता उघडता छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. बावन्न वर्षांचा होता.

"कुणाचा फोन?" सुशीलाने विचारलं. मी सांगितलं. ती आधी रडलीच नाही. बोटांवर काहीतरी मोजत बसली, मग म्हणाली, "तीन राख्या... तीन भाऊबीजा. मी त्याला ओवाळलं नाही हो." माझ्या नाकावर चष्मा होता आणि समोर चष्म्याची डबी उघडी पडली होती. त्या डबीत पुसायच्या फडक्याखाली एक पांढरी पट्टी आहे, बोटभर लांबीची. ती तिथे अडीच वर्षं आहे आणि सुशीलाला तिचा पत्ता नाही. सख्ख्या भावाला तिने दारात पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं, ते ज्या कारणासाठी सांगितलं ते खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं. नामाला जाऊन आता सहा आठवडे होतील. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे. मी चांगलेच लिहिणार आहे. माझ्याबद्दलचे मात्र चांगले नसतील.

नामा हा सुशीलाचा धाकटा भाऊ. लग्नात मी त्याला खांद्यावर घेतल्याचा फोटो आहे. बापाची शेती थोडी, त्यात याचं डोकं वेगळंच. डाळिंबाच्या बागांना आणि कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटला मधमाशा लागतात, फुलावर माशी बसली नाही तर फळ धरत नाही, हे त्याने कुठेतरी शिकून घेतलं आणि पाच पेट्यांपासून सुरुवात केली. पुढे बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या त्या सगळ्या मुलखात, नामाच्या पेट्या आल्याशिवाय कित्येकांची बाग फळत नसे. माशा चावून त्याचा एक ना एक डोळा कायम सुजलेला. मी म्हणायचो, "मेव्हण्या, आज कोणाकडून मार खाऊन आलास?" तो म्हणायचा, "दाजी, घरवालीकडून. माशीचं फक्त नाव शे." त्याची बोली निम्मी अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारी, आणि निम्मी माझ्यासाठी सुधारलेली. मला चिडवायची एक संधी सोडायचा नाही, पण माझ्यासमोर खुर्चीवर बसायचा नाही. घरचा जावई ना मी! त्यांच्याकडे जावयाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सासूसासरे गेले तरी नामाने ते पाळलं.

त्याची अजून एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी असते ना, तिचं एक रीळ कायम त्याच्या खिशात. कशावरही पट्टी लावायची आणि बॉलपेनने त्यावर लिहायचं. पेट्यांवर पट्टी, मधाच्या बाटल्यांवर पट्टी, मीठमसाल्याच्या डब्यांवर पट्टी. 'ही राणी रागीट.' 'हा मध कडवट, औषधी.' एकदा झोपलेल्या माझ्या कपाळावर 'दाजी, हात लावू नये' अशी पट्टी लावून पोरासोरांना हसवत बसला होता. मी उठून त्याला अंगणभर पळवला. सुशीलाचे डोळे तेव्हा चांगले होते, ती हसून हसून ओसरीवर बसकणच मारून बसली.

आता सईबद्दल. सई ही माझी नात, विशालची मुलगी. विशाल आणि सूनबाई दोघंही सातपूरच्या कंपन्यांत, घरी सुशीलाला दिसत नाही, म्हणून ती वर्षाची झाली तशी पाळणाघरात जाऊ लागली, आणि तिथून आमच्यामागे दुखणं लागलं. दर पंधरा दिवसांनी ताप. नाक वाहायचं, मग खोकला, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज आणि तोंडावर वाफेचा मास्क. ते मशीन घरीच आणून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणायचे, "आजोबा, पाळणाघरातली पोरं सुरुवातीला सारखी आजारी पडतात. वाढेल तशी सुटेल. लसी वेळेवर आहेत, खातेपिते आहे, घाबरू नका." घाबरू नका म्हणे! माझी पहिली मुलगी कुंदा दीड वर्षाची असताना याच छातीच्या दुखण्याने गेली. माझ्या मांडीवर गेली. तिच्या छातीतून येणारा आवाज माझ्या कानात चाळीस वर्षं आहे, बॉयलरच्या आवाजाखालीही तो मला ऐकू यायचा. सई दीड वर्षाची झाली आणि तिच्या छातीतून तोच आवाज यायला लागला, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मी तिच्याशेजारी बसून तिच्या बरगड्यांकडे बघत राहायचो. आत जातात, बाहेर येतात. आत जातात, बाहेर येतात.

अशा वेळी माणसाला कोणीही काहीही सांगावं! जॉगिंग ट्रॅकवर आमची म्हाताऱ्यांची टोळी असते. त्यातल्या एकाची लेक परदेशात. त्याने सांगितलं, तिकडे पोरांना लहानपणापासूनच मधमाशीचं सगळं देतात, फुलांचा पराग देतात, माशीच्या डिंकाचे थेंब देतात, पोरं दगडासारखी टणक होतात. ग्रुपवर त्याने चार व्हिडिओही टाकले. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. आणि एकदम लक्षात आलं, अरे, माझा मेव्हणाच की या धंद्यात! तो डिंक त्याच्याकडे होता, मला माहीत होतं. माशा झाडांचा चीक गोळा करून पेटीच्या फटी बुजवतात, तोच हा डिंक. नामा तो खरवडून अर्क काढायचा आणि घसा बसला की मोठी माणसं त्याच्याकडून दोन थेंब मागून न्यायची. मी फोन लावला. तो पहिल्या झटक्यात म्हणाला, "नही दाजी. पोरीले नही." मी म्हटलं, गावाला देतोस आणि बहिणीच्या नातीला देताना हात आखडतो? तो म्हणाला, "गावातल्या पोरांनाही देत नही. वर्षाखालच्या बाळाले तर मध पण चाटू देत नही मी. कोण्या पोराच्या अंगाले काय सोसेल, मला काय समजतं? मी काय डॉक्टर शे?" तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा मी फोन आपटला.

त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, ताटात वाण देतात. पासष्टीला टेकलेला जावई, पण नामाने आग्रह करून बोलावलं. मला आणि सुशीलाला पाटावर बसवलं, रंजनाने ओवाळलं, तेहेतीस अनारशांचं ताट समोर आलं, त्यात अंगठी. चांदीची होती. आणि मी ताट हाताने मागे सारलं. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, माझ्या या चढ्या आवाजात म्हणालो, "मला अंगठी नको. मी काय मागितलंय ते तुझ्या भावाला माहीत आहे, सुशीला. ते मिळाल्याशिवाय मी घासाला शिवणार नाही." जावई धोंड्याच्या ताटावरून उपाशी उठला तर त्या घराला गाव काय म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तिथे मागितलं. नामाचा चेहरा एवढासा झाला. "देतो दाजी," तो म्हणाला. "आधी जेवा."

जेवणानंतर तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला, जिथे मधाच्या बाटल्या असतात. आम्ही दोघंच होतो. त्याने एक छोटी बाटली काढली, खिशातलं रीळ काढलं, पट्टी कापली आणि माझ्यासमोर लिहिलं: 'लहान मुलांना नाही. डॉक्टरना विचारल्याशिवाय एक थेंबही नाही. नामदेव.' मग ती बाटलीवर लावून अंगठ्याने घासघासून घट्ट केली. "दाजी, हाई औषध नही शे. माशी स्वतःच्या घरातली फट बुजवायले हाऊ डिंक आणस. पोरीच्या छातीत कोणती फट शे, ते डॉक्टर सांगेल, आपण नही. आधी त्यांना दाखवा. शब्द द्या." मी म्हटलं, "दिला." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा म्हणाला, "शब्द शे ना, दाजी?" मी चिडून म्हणालो, "अरे, दिला म्हटलं ना!"

डॉक्टरांकडे मी गेलो नाही. ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं, मग विचारायचं कशाला? नाशिकला घरी आल्यावर बाटली माझ्या कपाटात ठेवली, पट्टी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून, आणि दुसऱ्याच दिवसापासून सईला कोमट पाण्यातून थेंब सुरू केले. मुलाला आणि सुनेला सांगितलं, नामाने दिलंय, घरचं आहे, नैसर्गिक आहे. नैसर्गिक! जणू साप नैसर्गिक नसतो. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, थेंब कमी पडत असतील. वाढवले. अर्ध्या तासात पोरीच्या अंगावर लाल गांध्या उठल्या, ओठ टम्म सुजले, आणि छातीतून तो आवाज... पण या वेळी खूपच वाईट. सुशीला अंदाजाने हात पुढे करत ओरडत होती, "काय झालं? अहो, मला कोणी सांगा ना काय झालंय!" रिक्षात सई माझ्या मांडीवर होती. कुंदाही माझ्या मांडीवरच होती. यापलीकडे मला लिहिता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खायला दिलं?" मी म्हणालो, "काही नाही." हो, मी असं म्हणालो. पोरगी निळी पडत होती आणि मी काही नाही म्हणालो. माझ्या मागून सुशीला म्हणाली, "डिंकाचे थेंब दिलेत, डॉक्टर, मधमाशीच्या." लगेच इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. तासाभराने डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, वाचली, पण ती बाटली मला बघायची आहे. मी आणायला घरी गेलो. परत येताना रिक्षात बसून ती पट्टी नखाने सोलून काढली. घट्ट बसली होती, कोपरा निघायलाच वेळ लागला. फेकून देणार होतो. हात धजला नाही. खिशातल्या चष्म्याच्या डबीत टाकली. डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली. "यावर तर काहीच लिहिलेलं नाही. कुणी दिलं हे?" विशाल शेजारी उभा होता, सुशीला बाकावर होती. मी म्हणालो, "मेव्हण्याने."

बस्स. एवढ्या एका शब्दात मी मोकळा झालो आणि नामा अडकला. त्याचा फोनवरचा नकार आणि मागच्या खोलीतली ताकीद आम्हा दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हती. विशालने तिथूनच मामाला फोन लावून वाटेल ते सुनावलं. मग सुशीलाने फोन मागून घेतला. माझी बायको कधी आवाज चढवत नाही, ते काम माझं. ती हळूच म्हणाली, "नामा, माझी एक गेली होती. दुसरी घालवायला निघालास? माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." फोन स्पीकरवर होता. पलीकडून त्याने आधी विचारलं, "पोरगी कशी शे, अक्का?" मग विचारलं, "दाजी कुठे शेत?" "इथेच आहेत," ती म्हणाली. तो फक्त "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो आला. वर आला नाही, गेटपाशीच उभा राहिला. हातात डाळिंबांची पिशवी. मी खाली गेलो. "डॉक्टरले दाखवलं होतं का, दाजी?" मी डाळिंबांच्या पिशवीकडे बघत राहिलो. "आणि पट्टी?" मी म्हणालो, "निघाली असेल कुठे तरी." त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, तर मी तिथेच कबूल झालो असतो, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. तेही खरं असेल की नाही देव जाणे. त्याने मान हलवली. "निघाली असेल," म्हणाला. "काचेवर डिंक सांडला की पट्टी धरत नही." पिशवी माझ्या हातात दिली आणि चालू लागला. जावयाला खोटं पाडायचं नाही म्हणून त्याने माझं खोटं मला व्यवस्थित शिवून दिलं. नंतर आठवड्याभरात त्याने अर्काच्या सगळ्या बाटल्या खड्डा करून पुरल्या, हे मला आता रंजनाकडून कळलं.

सांगायला अडीच वर्षं होती हो माझ्याकडे! राखीला वाटायचं, आज सांगतो. सुशीला राखी आणायची नाही, पण दिवसभर तिचं कशात लक्ष नसायचं. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मी मागे उभा राहून निरांजन विझू नये म्हणून हात धरायचो, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. सई बरी होत गेली. डॉक्टर म्हणाले होते तशीच, वाढेल तशी सुटली. आता शाळेत जाते, पावसात भिजते, साधं नाकही गळत नाही. तिला माझ्या थेंबांची गरजच नव्हती. फक्त थोडं थांबायला हवं होतं, आणि तेवढंच मला जमलं नाही.

त्या रविवारी फोन आल्यावर आम्ही लगेच गाडीने सटाण्याला निघालो. पोहोचलो तेव्हा नामाला ओसरीवर ठेवलं होतं. सुशीलाने चाचपडत त्याचा चेहरा शोधला. एक डोळा सुजलेला होता, सकाळीच माशी चावली असणार. तिने त्या डोळ्यावरून बोट फिरवलं आणि मग जो हंबरडा फोडला... मी कानावर हात ठेवले. दशक्रियेनंतर रंजनाने कपाटातून तीन पिशव्या आणल्या. तीन साड्या होत्या. "दर भाऊबीजेला घ्यायचे. मी म्हणायची, अक्का यायच्या नाहीत, कशाला घेता? ते म्हणायचे, येईल तेव्हा तिन्ही एकदम देईन." प्रत्येक पिशवीवर पांढरी पट्टी. सुशीलाने पट्टीवरून बोट फिरवलं, तिला ती लगेच कळली. "काय लिहिलंय हो त्याने? वाचा ना." मी डबीतून चष्मा काढला. 'अक्काची भाऊबीज.' तिन्हींवर तेवढंच होतं. मी तीन वेळा वाचलं. मग सुशीला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "त्याने त्या बाटलीवर का नाही हो लिहिलं काही? सगळ्यावर लिहायचा. एवढ्या एका बाटलीवरच कसा विसरला?" रंजनाही डोळे पुसत म्हणाली, "मीही विचारलं होतं. म्हणायचे, चूक झाली माझी." चष्म्याची डबी माझ्या हातातच होती. उघडीच होती. आणि मी तेव्हाही गप्प बसलो.

ही माझी लायकी. घरात चार भिंतींत सांगायला गेलो की घसा धरतो. पण वाचताना माझा आवाज कधी अडखळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून लिहून काढलं आणि पुरवणीला पाठवलं. संपादकांनी कळवलंय, या रविवारी छापतील, म्हणून या शेवटच्या ओळी आता जोडून पाठवतोय. यंदा पुन्हा धोंड्याचा महिना येतोय. मला आता कोणी पाटावर बसवू नये. सुशीलाने नंतर माझ्याशी बोलावं की नाही, विशालने सईला माझ्या मांडीवर बसू द्यावं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी काही मागणार नाही. मागून मी काय करतो ते पाहिलंय सगळ्यांनी. नामाची माफी तर मागताच येणार नाही. त्याने ती गेटपाशीच मला देऊन टाकली होती, आणि मी ती डाळिंबांसकट घेऊन वर गेलो.

रविवारी चहा होईल. सुशीला खिडकीशी बसेल, म्हणेल, "आज काय आहे हो पुरवणीत?" मी डबी उघडीन. आधी फडक्याखालची पट्टी काढून तिच्या बोटांत देईन, म्हणजे ती कुणाची ते मला सांगावं लागणार नाही. मग चष्मा लावीन आणि हे पहिल्या ओळीपासून वाचायला लागेन. ती हळू वाचा म्हणाली, तर या वेळी हळू वाचेन.